बारा ठोके आणि एक स्टेटस
(हीरक महोत्सवी पालक मेळाव्यातील भाषण)



हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील संगीत घड्याळापुढे दुपारी बाराला मोठी गर्दी होते, कारण ठोके सर्वाधिक तेव्हाच पडतात. छोटेसे दार उघडते, दाढीवाला चिमुकला पुरुष बाहेर येतो, घंटेवर ठोके देतो आणि आत जातो. पूर्वी वडील अशा वेळी लेकीला खांद्यावर घेत. आता त्या हातांत मोबाइल असतो. "बाबा, आला का तो?" असे मागून विचारले, तर उत्तर मिळते, "थांब, रेकॉर्डिंग चालू आहे. घरी गेल्यावर दाखवतो."

संध्याकाळी हुसेनसागराच्या काठी मुलगी आपसूक धावत येते. पण ते टिपायचे राहून जाते. मग "पुन्हा पळत ये, तशीच हस" अशी फर्माईश होते. रीलमध्ये दिसते ते तिसऱ्या वेळचे हसू, आणि त्याखाली 'फॅमिली टाइम'.

फोटोची हौस जुनीच. छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरावा लागे. डोळे मिटलेले काकाही अल्बममध्ये मानाने राहत. अल्बम चहासोबत, ओळखीच्या माणसांपुढे उघडे आणि प्रत्येक पानाला एक गोष्ट असे. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले, व्हॉट्सॲपचे चोवीस तासांचे स्टेटस २०१७ मध्ये. पाहणारे वाढले, सांगणे मात्र आटले. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. परंतु पालकच जेव्हा लेकराचे रडणे वा न्हाणे सर्वांपुढे मांडतात, तेव्हा लेकराला कोण विचारतो?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांची अडचण खरी आहे. नांदेडच्या आजीला नात रोज भेटत नाही. स्टेटस हाच तिचा झरोका. तो बंद करा, असे कोणी म्हणू नये. फक्त आजीला पाठवलेला फोटो आणि चारशे परिचितांपुढे ठेवलेला फोटो यांत अंतर आहे, आणि ते बहुधा पाठवणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

आजी मात्र दुसऱ्या दिवशी फोन करतेच. "बाबांनी टाकलेलं घड्याळ पाहिलं गं. तू काय पाहिलंस?"

"मला नुसते हातच दिसले, आजी. सगळ्यांचे वर केलेले."