पाकोळीची गुहा आपल्या पत्रकात नको

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हप्ते, बचत, लेखापरीक्षण सगळ्यावर बोलून झालं. मला जी दहा मिनिटं दिलीत, ती मी एका चुकीबद्दल बोलायला वापरणार आहे. चूक माझीच आहे.

आपल्या काही गटांनी घरगुती निवास सुरू केले. त्यांच्यासाठी दिवाळीआधी मी एक पत्रक तयार केलं. त्यात सोलकढी, घावणे, समुद्र, डॉल्फिन सगळं घातलं. आणि शेवटी ठळक अक्षरात लिहिलं, 'वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेत बोटीने जाऊन दुर्मीळ पाकोळ्या पाहा.' छापायला द्यायच्या आदल्या दिवशी एका काकींनी ते वाचलं आणि विचारलं, "गो बाय, तू त्या गुहेत कधी गेल्लंस?"

मी गेले नव्हते. मी घाटावरची, मोबाइलवरचे फोटो बघून लिहिलं होतं. काकी म्हणाल्या, "मगे त्या पाखरांका तरी इचारलंस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पत्रक थांबवलं. मग जुन्या मच्छीमारांना, वनखात्यातल्या लोकांना, पक्ष्यांवर काम करणाऱ्यांना विचारत गेले. त्यातून जे समजलं ते आज सांगते.

निवतीच्या समोर खोल समुद्रात ते खडक आहेत, त्यांवर दीपगृह आहे. काही जणी त्यांना निवती रॉक म्हणतात. तिथल्या कपारीत आणि गुहेत पाकोळ्या राहतात. आपल्या घराच्या आढ्यावर दिसतात त्या पाकोळ्या वेगळ्या. ही पाकोळी झाडाच्या फांदीवर बसूच शकत नाही. तिचे पाय नुसते भिंतीला लटकण्यापुरते. दिवसभर उडता उडता हवेतले किडे खाते आणि अंधार पडला की गुहेत परतते. काळोखात टक टक असा आवाज करते आणि त्याच्या पडसादावरून भिंत कुठे आहे ते ओळखते. म्हणजे तिथे आवाज हेच तिचे डोळे. आपण बोटभर माणसं आत जाऊन शिट्या मारल्या, गाणी लावली, तर तिचं काय होत असेल बघा.

तिचं घरटं तर आणखी नवलाचं. ती ते स्वतःच्या लाळेने बांधते. थोडी थोडी लाळ दगडाला लावायची, ती सुकली की पुढचा थर. एक घरटं पुरं व्हायला महिन्याहून जास्त लागतो. मग त्यात दोन पांढरी अंडी. लोक येऊन पक्षी उठवले, तर अंडी उघडी पडतात. घाबरून उडताना धक्का लागला तर अंडं नाही तर पिल्लू खाली पाण्यात. आईला ते उचलून परत ठेवता येत नाही. त्या वर्षाची सगळी मेहनत तिथेच संपली.

आता हंगाम बघा. या पाकोळ्यांचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत. आणि आपल्याकडे पाहुणे कधी येतात? शिमग्याच्या सुट्टीत आणि मे महिन्यात. पावसात समुद्र बंद. म्हणजे जेव्हा तिच्या घरात बाळंतपण, नेमके तेव्हाच आपण दारात माणसं नेऊन उभी करणार. आपल्यातल्या कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीत अनोळखी माणसं टॉर्च घेऊन शिरली, तर आपण चालवून घेऊ का?

दुसरी गोष्ट चोरीची. या घरट्यांचं सूप पूर्वेकडच्या देशांत फार महाग विकलं जातं. त्यासाठी इथली घरटी, आत अंडी-पिल्लं असली तरी, खरवडून नेली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हा प्रकार उघडकीला आणला आणि वनखात्याबरोबर राखणीचं काम केलं. विणीच्या दिवसांत त्या उघड्या खडकावर मुक्काम करून राखण करायची, हे सोपं नाही. आणि मी काय करणार होते? तीच जागा छापून, वाट दाखवून, फोटो टाका म्हणून सांगणार होते. पर्यटक फोटो टाकतो हौसेने, पण तो बघणारा प्रत्येक जण हौशी नसतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. तो त्याच दिवशी एका ताईंनी तोंडावर विचारला. "पाकोळी बघूक माणसां इली तर आमकां दोन पैशे गावतत. तां पण नको म्हणतंस?" त्यांच्या घरची बोट आहे, बोटीवर कर्ज आहे. त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि पगार घेणाऱ्या माझ्यासारखीने तो हसण्यावारी नेऊ नये.

माझं उत्तर एवढंच. ही गुहा मुद्दल आहे. व्याजावर जगता येतं, मुद्दल मोडलं की दोन हंगामांत सगळं संपतं. आणि गर्दी आणखी वाढणार आहे. नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची सरकारची योजना आहे. ती झाली की त्या बाजूला बोटी वाढतील. तेव्हा नियम काय असावेत, हे आपण आधीच बोललं पाहिजे. नंतर ऐकणारं कुणी नसतं.

आणि पैसे फक्त गुहेतूनच येतात असंही नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. इंजिन नाही, स्वतः वल्हवतात, झाडांची माहिती स्वतः सांगतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला लोक कासवाची पिल्लं दोरीमागे उभं राहून बघतात आणि गावातल्या घरांत जेवतात, राहतात. लांबून दाखवूनही पाहुणा येतो. त्याला नीट सांगणारं माणूस मात्र लागतं, आणि ते तुम्ही आहात.

म्हणून तीन गोष्टी ठरावात घ्याव्यात अशी विनंती करते.

एक, आपल्या कुठल्याही गटाच्या पत्रकात, फलकावर, मोबाइलवरच्या जाहिरातीत गुहेत नेण्याचा उल्लेख नको. दीपगृह आणि खडक लांबून दाखवू. किती लांबून, ते वनखात्याला लेखी विचारू.

दोन, ज्यांच्या घरी बोटी आहेत त्यांनी घरात ही गोष्ट काढावी. पाहुण्याने जास्त पैसे देऊ केले, तर एकट्या बोटवाल्याला नाही म्हणणं जड जातं. 'आमच्या संघाचा नियम आहे' असं म्हणता आलं तर सोपं जातं.

तीन, बोट सोडल्यामुळे ज्यांचं उत्पन्न घटेल, त्यांना खाडीच्या सफरीच्या आणि जेवणाच्या कामात पहिली संधी द्यावी. नुसतं 'करू नका' सांगून घर चालत नाही.

नवीन पत्रक मी आणलंय. गुहेच्या ओळीच्या जागी 'आमच्या समुद्रात पाकोळीची घरं आहेत, ती आम्ही राखतो' असं लिहिलंय. ज्या काकींनी मला थांबवलं, त्यांनीच हे वाक्य सुचवलं. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "आता छाप."

ठराव अध्यक्ष ताईंकडे दिला आहे. चर्चा करा, माझं चुकत असेल तर सांगा, आणि मगच हात वर करा.