घरातली जुनी मांजर आणि नवं पिल्लू



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरात मांजर आणि कुत्रा या दोघांनाही आपापलं काम असतं. धान घरात आलं की मागोमाग उंदीर येतात, तेव्हा ढोलीची राखण मांजरीकडे. रात्री अंगणात काही हललं की भुंकून घर जागं करायचं, ते कुत्र्याकडे. त्यामुळे दहा-बारा वर्षांची मांजर घरात असताना कुणीतरी कुत्र्याचं पिल्लू उचलून आणतं, यात नवल काही नाही. सगळं घर पिल्लाभोवती जमतं. मांजर मात्र माळ्यावर जाऊन बसते आणि जेवायलाही खाली येत नाही. 'होईल सवय' म्हणून आपण तिला सोडून देतो. आज मला त्या म्हाताऱ्या मांजरीच्या बाजूनं बोलायचं आहे.

वेगवेगळ्या जातींचे प्राणी एकत्र नांदतात का, याचं उत्तर आपल्याच भागात मिळतं. भामरागड तालुक्यातल्या हेमलकसा इथं बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथं त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे यांना एकदा शिकार करून परतणारे माडिया आदिवासी भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी ते मागून घेतलं आणि घरी वाढवलं. पुढं बिबटे, अस्वलं, हरणं अशी कितीतरी पोरकी पिल्लं तिथं आली आणि माणसांच्या सहवासात वाढली. हेमलकशाला गेलेल्या माणसाला प्राण्यांमधलं वैर अटळ आहे असं वाटेनासं होतं.

पण त्या गोष्टीतला एक धागा आपण विसरतो. ती आली तेव्हा पिल्लं होती. ओळखपाळखीचं वय लहानपणीच असतं. मांजरीच्या पिल्लाचं ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, कुत्र्याच्या पिल्लाचं तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञानं १९३० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जन्मापासून उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढलेली मांजरीची पिल्लं त्या सोबतच्या उंदराला मारत नाहीत, असं त्यांना आढळलं.

आपल्या घरात आलेलं कुत्र्याचं पिल्लू अजून त्या वयात आहे. मांजरीचं ते वय कधीच मागं पडलं. म्हणून शिकवायचं ते पिल्लाला आणि सांभाळायचं ते मांजरीला. आपण नेमकं उलटं करतो. पिल्लाला मोकळं सोडतो आणि मांजरीनं जुळवून घ्यावं अशी अपेक्षा धरतो.

पिल्लू घरात आणण्याआधी मांजरीची एक जागा पक्की करा. तिथं पिल्लाला मज्जाव. जागा उंचावर असली तर उत्तम, पण म्हाताऱ्या मांजरीचे सांधे दुखतात, एका उडीत तिला वर जाता येत नाही. फळीखाली एखादी पेटी, तिच्याशेजारी स्टूल ठेवा, म्हणजे ती पायरी-पायरीनं चढेल. तिचं जेवण, पाणी आणि रेतीचं घमेलं पिल्लाच्या वाटेत नको. घमेल्याची कड ठेंगणी असावी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा घरातली थंड जागा पिल्लू बळकावतं. कूलरसमोरचा तिचा कोपरा तिच्याकडेच राहू द्या.

पहिले काही दिवस दोघांची भेट फक्त वासानं होऊ द्या. पिल्लाच्या अंथरुणातलं फडकं मांजरीच्या खोलीत ठेवा, तिचं त्याच्याकडे. नंतर जाळीच्या दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला द्या. समोरासमोर आणायचं ते पिल्लू खेळून दमल्यावर, पट्टा बांधून. त्यानं मांजरीवरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ द्या. ते तिच्या मागं धावलं तर त्याला रागावत बसू नका. पट्टा धरून बाजूला न्या, दमू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मांजरीला उचलून त्याच्या तोंडासमोर तर कधीच धरू नका. ती फिस्कारली, पंजा उगारला, तर तो तिचा इशारा असतो. त्यासाठी तिला मारू नका. आणि एक लक्षात ठेवा, पिल्लाची हलणारी शेपटी बहुधा आनंद सांगते, मांजरीची जोरात आपटणारी शेपटी राग सांगते. दोघांनाही एकमेकांची ही खूण ठाऊक नसते, म्हणून मधे आपण असायला हवं.

याला काही आठवडे लागतात, कधी महिने. शेवटी दोघं एका गोधडीवर झोपली नाहीत तरी चालेल. एका घरात एकमेकांच्या वाटेला न जाता राहिली, तरी ते पुरेसं आहे.

आता जिवावरच्या गोष्टी. मांजरीनं पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानं तिच्या यकृतात चरबी साठते आणि ती दगावू शकते. घरात बोका असेल आणि तो वारंवार बसून लघवीसाठी कुंथत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. पिल्लाला गोचीड झाले म्हणून आणलेल्या औषधात पर्मेथ्रिन असेल, तर ते मांजरीला विषारी आहे. तिला ते लावू नका आणि पिल्लाला लावलं असेल तर ते अंगावर सुकेपर्यंत दोघांना दूर ठेवा. दवाखाना लांब आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नका, तिच्या शरीराला ती पचवता येत नाही. रेबीजची लस दोघांनाही हवी.

रात्री पिल्लाला अंगणात बांधून ठेवायचं नाही. जंगलालगतच्या गावातच नव्हे, चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागातही बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. पिल्लू आत घेतलं की रात्री दोघांची खोली वेगळी ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या मांजरीला निवांत झोप मिळेल.

श्रोते हो, पिल्लू आणायचा निर्णय आपला असतो, मांजरीला कुणी विचारलेलं नसतं. दहा-बारा वर्षं जिनं तुमचं धान राखलं, तिची जागा, तिचं जेवण आणि तिची झोप राखायची जबाबदारी आता तुमची आहे. ती आधी पार पाडा, मगच पिल्लू घरात आणा.