परदेशातील शेवटची सहल आणि एक सोबती

परदेशात शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या वास्तव्यात एक सहल अशी असते की तिचे स्थान इतर सर्व सहलींहून निराळे असते. परीक्षा आटोपलेल्या असतात, खोलीचे भाडे चुकते झालेले असते, पेट्या बांधावयाच्या असतात आणि मध्ये चार दिवस उरतात. हे चार दिवस सोबत्यांसह समुद्रकाठी किंवा डोंगरात घालवावे आणि मग ज्याने त्याने आपापल्या वाटेस लागावे, असा रिवाज फार जुना आहे. आजही अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील घरांतून जर्मनीस किंवा इंग्लंडास गेलेली मुले अशा सहलीची छायाचित्रे घरी पाठवितात. घरच्या मंडळींची दृष्टी प्रथम आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर जाते. तो वाळला की काय, हे पाहिले जाते. त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला सोबती कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मराठी माणसास ठाऊक असलेली अशी सर्वांत प्रसिद्ध सहल १९०९ सालची आहे. तिच्यातून आपणास एक कविता मिळाली. ती कविता घरोघर गेली; सोबती मात्र विस्मरणात गेला. त्या सोबत्याच्या आयुष्याचा धागा पुढे मुंबईच्या एका उपनगरात येऊन पोचतो, म्हणून ती हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

विनायक दामोदर सावरकर हे ९ जून १९०६ रोजी मुंबईहून ‘पर्शिया’ ह्या आगबोटीने कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस निघाले. वय २३ वर्षांचे. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी ठेवलेली शिष्यवृत्ती लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने त्यांस मिळाली होती. मागे पत्नी आणि तान्हा मुलगा होता. त्याच आगबोटीवर हरनामसिंग नावाचा एक पंजाबी विद्यार्थी होता. घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला की वाटेतूनच परत फिरण्याच्या गोष्टी बोलू लागला. त्याची समजूत घालून त्यास पुढे नेण्याचे काम सावरकरांनी केले, असे त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. दुसऱ्याच्या घरओढीवर औषध सांगणे त्या दिवशी सोपे होते. तीन वर्षांनी तीच व्यथा त्यांच्या वाट्यास आली, तेव्हा मात्र औषध सापडले नाही.

लंडनच्या उत्तरेस हायगेट भागात क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे घर होते. हेच ‘इंडिया हाऊस’. हिंदी विद्यार्थ्यांचे ते वसतिगृह, आणि क्रांतिकारकांचा अड्डाही. ग्रेज इन ह्या संस्थेत कायद्याचा अभ्यास चालू असतानाच सावरकरांचे राजकारणही तेथे चालू होते. परंतु १९०९ साल उजाडले आणि सर्व घडी विस्कटली. जून महिन्यात वडील बंधू बाबाराव यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १ जुलै रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली यांचा गोळ्या घालून वध केला; मध्ये पडलेले पारशी डॉक्टर लालकाका हेही प्राणास मुकले. १७ ऑगस्ट रोजी धिंग्रा फासावर गेले. इंडिया हाऊस बंद झाले. परीक्षा दिलेल्या असूनही ग्रेज इनने सावरकरांस बॅरिस्टरची सनद देण्याचे नाकारले. पोलिसांची पाळत सतत मागे होती. लंडनच्या ह्याच वास्तव्यात कधी तरी त्यांचा लहान मुलगा प्रभाकर इकडे दगावल्याची वार्ताही त्यांस पोचली. ज्या विद्येसाठी घर सोडले तिचे फळ हाती नाही, आणि घरी परतावे तर तुरुंग दाराशी उभा, अशी ही स्थिती होती.

अशा वेळी त्यांच्याबरोबर ब्रायटनच्या समुद्रकाठी गेलेला तरुण म्हणजे निरंजन पाल. बंगालचे थोर पुढारी बिपिनचंद्र पाल यांचा हा मुलगा. वय जेमतेम २० वर्षांचे. वडील त्या काळी विलायतेसच राहत होते, आणि मुलाची ऊठबस इंडिया हाऊसमधील मंडळींत होती. ब्रायटन हे लंडनच्या दक्षिणेस सुमारे ५० मैलांवर असलेले गाव. लंडनकरांनी रविवारी आगगाडीने जावे, हवा खावी आणि संध्याकाळी परतावे, असा तेथला परिपाठ. किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे. दोन लांब धक्के समुद्रात शिरलेले. त्यांतील ‘पॅलेस पिअर’ १८९९ साली खुला झाला. समोर इंग्लिश खाडी पसरलेली. टेम्स नदीतून मुंबईकडे जाणाऱ्या आगबोटी ह्याच खाडीतून जात असत.

त्या गोट्यांवर बसून सावरकर समुद्राकडे पाहत राहिले, हळूहळू काही शब्द गुणगुणू लागले आणि त्यांस रडू आवरेनासे झाले, असे निरंजन पाल यांनी पुढे सांगितले आहे. ते शब्द म्हणजेच ‘सागरास’ ही कविता. तू मला दूर नेलेस, परत आणण्याचे वचन दिलेस आणि ते पाळले नाहीस, असा समुद्राशी मांडलेला हा तंटा आहे. १० डिसेंबर १९०९ हा तिचा दिवस मानला जातो. हृदयनाथ मंगेशकर यांनी तिला चाल दिली, लतादीदींसह मंगेशकर भावंडांनी ती गायिली, आणि ती ज्यांनी कधी वाचली नाही त्यांच्याही कानी गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निरंजन बंगाली होते. मराठी ही त्यांची भाषा नव्हे. कवितेतील शब्दांची बारीक खोच त्यांस तेव्हा कितपत उमगली असेल, कोण जाणे. परंतु कवीची कविता शिल्लक राहिली तरी ती उमटली त्या घटकेचे चित्र दुसऱ्या कोणी तरी पाहिलेले असावे लागते. ते चित्र ह्या मुलाने जपले आणि १९३८ साली पुण्याच्या ‘मराठा’ पत्रात लिहून दिले. एकोणतीस वर्षे तो तास त्यांनी मनात बाळगला होता.

सहल संपली. ११ दिवसांनी, २१ डिसेंबर रोजी, नाशिकास कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला आणि सावरकरांभोवतीचा फास आवळत गेला. जानेवारी १९१० मध्ये ते पॅरिसला गेले. १३ मार्च रोजी परत येताच लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांस अटक झाली. ब्रायटनच्या गाड्याही ह्याच स्थानकातून सुटतात. १ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ ही आगबोट त्यांस घेऊन टिलबरीच्या धक्क्यावरून निघाली. टिलबरीहून हिंदुस्थानकडे यावयाचे तर इंग्लिश खाडीवाचून मार्ग नाही. म्हणजे ब्रायटनसमोरच्या त्याच पाण्यातून ती आगबोट गेली. सागराने मागणे पुरविले, परंतु कसे? बंदिवान करून! ८ जुलैस मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी आगबोटीतून उडी घेतली आणि ते पुन्हा पकडले गेले. त्याच महिन्यात मुंबईचा किनारा दिसला, पण घर दिसले नाही. एकंदर ५० वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १९११ साली पुन्हा समुद्र ओलांडून अंदमान. त्यांचे त्यापुढील चरित्र आणि राजकारण हा मोठा वादविषय आहे. ह्या भाषणाचा विषय सहलीपुरता आहे.

सोबत्याची वाट निराळी झाली. निरंजन पाल विलायतेस राहिले आणि नाटके व चित्रपटकथा लिहू लागले. त्यांचे ‘द गॉडेस’ हे नाटक १९२२ साली लंडनमध्ये झाले. त्यात हिमांशु राय यांची भूमिका होती. ह्या दोघांच्या सहकार्यातून आणि म्यूनिकच्या जर्मन कंपनीच्या साहाय्याने १९२५ साली ‘द लाइट ऑफ एशिया’ हा बुद्धचरित्रावरील मूकपट निघाला. १९३४ साली हिमांशु राय व देविकाराणी यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली ती मालाडला. अंधेरी मागे टाकून बोरिवलीकडे जाताना लागणारे हे स्थानक त्या वेळी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. ते १९५७ साली हद्दीत आले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योसेफ विर्शिंग हे जर्मन, आणि कथालेखक निरंजन पाल. ज्या तरुणाची युरोपातील उमेदवारी इंडिया हाऊसच्या सावलीत सुरू झाली, तो आपले कसब घेऊन ह्या उपनगरात आला.

त्यांच्या कथांपैकी सर्वांत गाजलेली ‘अछूत कन्या’, साल १९३६. रेल्वेच्या फाटकावरील अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा यांची ती शोककथा आहे. परंतु तिच्या मुळाशी त्या दोन बापांची मैत्री आहे. साप चावलेल्या ब्राह्मणाचे प्राण पहारेकऱ्याने वाचविलेले असतात, आणि गाव ती मैत्री सहन करीत नाही. त्याच काळात सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध होते. तेथे १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने सर्व जातींस खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. त्या कार्यात सावरकर पुढे होते. ब्रायटनच्या किनाऱ्यावर एकत्र बसलेले दोघे पंचवीस वर्षांनी एकाच प्रश्नाशी झगडत होते. एक रत्नागिरीच्या मंदिरातून, दुसरा मालाडच्या चित्रशाळेतून.

निरंजन पाल १९५९ साली कलकत्त्यास वारले; सावरकर १९६६ साली दादरला. बॉम्बे टॉकीजही १९५० नंतर काही वर्षांतच बंद पडली. मालाडला त्या आवारास मात्र अजून कंपनीच्या नावाने ओळखतात. शेवटच्या सहलीस निघालेल्यांपैकी कोणासही ती शेवटची आहे हे पुरतेपणी ठाऊक नसते. ब्रायटनला गेलेल्या दोघांसही ते ठाऊक नव्हते. त्यांतला एक रडला आणि दुसरा जवळ बसून राहिला. मराठीने पहिल्याचे शब्द पाठ केले आहेत. दुसऱ्याचे नाव तेवढे त्यांच्या शेजारी लिहून ठेवावयाचे राहिले आहे.