नदीची वही आपल्या घरात पाहिजे

(मुरबाडच्या कार्यकर्त्याने जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. आमच्याकडे भात आणि नागली, तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. आमच्याकडे कोळशाची खाण नाही. मग हा माणूस वर्धा-पैनगंगेच्या काठी येऊन खाणीच्या पाण्याबद्दल काय सांगणार, असे तुम्हाला वाटेल. आम्ही एकदा कसे हरलो, ते सांगायला मी आलो आहे.

शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. त्यांत किती पाणी चढले ते पावसाळ्यात रोज मुंबईच्या पेपरात येते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. पाड्याच्या विहिरीत किती पाणी उरले ते मात्र कुठेच लिहिलेले नसते. ज्याच्याकडे आकडा, त्याचे पाणी.

आमच्या गावच्या ओढ्याला कारखान्यांचे पाणी येई. मासे मेले, गुरे तोंड लावीनात. आम्ही अर्ज केला. साहेब आले त्या दिवशी ओढा नितळ! त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कधीपासून? किती पाणी येते? वरच्या अंगाला पाणी कसे आहे? आमच्यातल्या एकालाही उत्तर देता आले नाही. विषय तिथेच संपला.

आता तुमच्याकडे पाहू. वणी, घुग्गुस, राजुरा, बल्लारपूर हा सगळा कोळशाचा पट्टा. उघडी खाण भूजलाच्या खाली जाते. चहूबाजूंचे पाणी खड्ड्यात झिरपते, ते पंपाने उपसून नाल्यात सोडतात. म्हणून भर उन्हाळ्यात नाला वाहतो आणि शेजारच्या विहिरी उतरतात. नाला वाहतो म्हणून खूश होऊ नका, ते पाणी तुमच्याच विहिरींचेही असू शकते. त्यासाठी नाल्याबरोबर विहिरीचीही पातळी लिहा.

त्या पाण्याबरोबर कोळशाची भुकटी येते. पावसाळ्यात मातीच्या ढिगाऱ्यांचा गाळ येतो. काही खडकांत गंधक असते, त्याला हवापाणी लागले की पाणी आंबट होते आणि दगडांवर तांबूस थर बसतो. क्षार मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या काळ्या जमिनीचा निचरा कमी. खारे पाणी देत राहिलो तर क्षार जमिनीतच बसतो.

मग मोजायचे कसे? तीन जागा कायमच्या ठरवा. एक, नाला नदीला मिळतो त्याच्या वर. दुसरी, खुद्द नाला. तिसरी, खाली, दोन्ही पाणी नीट मिसळल्यावर. तिन्ही ठिकाणचे पाणी एकाच दिवशी घ्यायचे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, भरा, चिठ्ठी लावा. सामू कागदी पट्टीने कळतो, क्षार खिशात मावणाऱ्या मीटरने. बाटली रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाला किती गाळ बसला ते पट्टीने मोजा.

प्रवाह मोजायला दहा मीटरचा सरळ टप्पा घ्या. लाकडाचा तुकडा सोडा, किती सेकंद लागले ते तीनदा पाहून सरासरी काढा. समजा २५ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाचे पाणी सावकाश चालते, म्हणून ०.८५ ने गुणा. झाले ०.३४. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४०० लिटर पाणी जाते.

हा खटाटोप कशाला? आता हिशेब ऐका. नदीत ४०० लिटर पाणी, त्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार. नाल्याचे १०० लिटर, त्यात लिटरला २००० मिलिग्रॅम. मिसळून होतात ७२०. उन्हाळ्यात नदी १०० लिटरवर आली की तेच होतात १२००. खाण म्हणेल, आम्ही काहीच वाढवले नाही. खरेही असेल! पण तुमच्या बैलांनी पिण्याचे पाणी बदलले. नुसते पाणी तपासून हे कळत नाही, प्रवाहही लिहावा लागतो.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या केंद्राच्या नियमात कोळसा खाणीतून नदीत सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ आणि तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा घातली. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने पाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्या संमतीच्या अटींची नोंदवही झळ पोचणाऱ्या माणसाला पाहता येते. २००५ च्या माहिती अधिकारात तपासणीचे अहवालही मागता येतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या बाटलीवर निकाल लागणार नाही. कायद्याचा नमुना मंडळाचाच माणूस घेतो, सीलबंद करतो. पण त्याला कोणत्या वेळी, कोणत्या जागी बोलवायचे ते आपली वही सांगते. रात्री पाणी सुटते की पहाटे, पहिल्या पावसात की पोळ्यानंतर, हे नदीकाठच्या माणसाइतके कोण जाणतो?

कापसाच्या क्विंटलला खर्च किती येतो ते आपण मांडायला शिकलो, तेव्हा कुठे आपल्याशी बोलणे सुरू झाले. पाण्याचेही तसेच आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावाने दोनशे पानी वही घ्यावी. पंधरा दिवसांतून एकदा दोघांनी मिळून मोजावे, तारीख-वेळ टाकून दोघांनी सही करावी. चांगले पाणी आले तर तेही लिहावे, नाहीतर वाईटावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना भाषण आणू नका, वही आणा. साहेबांनी ते तीन प्रश्न विचारले तर तुमची मान खाली जायला नको.