सात वाजताचा भोंगा

इअरफोन लावून ऐकताय ना? समोर कोणी बोलत असेल तर आधी मला पॉज करा. मी कुठे पळत नाहीये.

आज एक कबुली द्यायचीय. मागच्या दिवाळीत बाबा सोफ्यावर माझ्याशेजारी बसून काहीतरी सांगत होते. मी रील्स बघत होतो, आणि मधेमधे 'हं... हं' चालू होतं. हे 'हं' फार फसवं असतं बरं का. आपल्या लेखी त्याला काही अर्थ नसतो, समोरच्याला वाटतं, आहे.

दोन महिन्यांनी आईकडून कळलं, गावचं घर विकायला काढलंय, विसारही घेतलाय. मी तडकाफडकी फोन लावला. "बाबा, मला विचारलं का नाही?"

ते शांतपणे म्हणाले, "विचारलं होतं की. तू हं म्हणालास."

काय बोलणार? त्या दिवशी कोणतं रील बघत होतो, तेही आठवेना.

२०१७ साली अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकाच्या पुढाकारानं झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लोकांना लक्ष लागेल अशी कोडी दिली. काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे फोन सायलेंट. तरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांचं काम सरस झालं. नंतर इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा प्रत्येक वेळी हेच निघालं असं नाही, त्यामुळे ब्रह्मवाक्य समजू नका. पण मला तरी पटलं. मी फोन 'पालथा ठेवलाय ना' म्हणून मिरवणाऱ्यांपैकीच!

आणि आपल्याकडे, सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. कोविडमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि पोरांच्या हातात आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना. मग २०२२ च्या ऑगस्टपासून गावानं ठरवलं: संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजणार, की टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. त्या दीड तासात अभ्यास करा, वाचा, गप्पा मारा. मला त्यातलं आवडलं ते हे, की नियम फक्त पोरांना नव्हता. मोठ्यांनाही होता.

मी घरी तसंच सुरू केलं. रविवारी आईबाबांकडे गेलो की रात्री जेवताना तिघांचे फोन आतल्या खोलीत. पहिला रविवार, खरं सांगतो, भयंकर गेला. आम्हाला बोलायलाच काही नाही! आमटीत मीठ बरोबर आहे, यावर तिघांचं तीनदा एकमत झालं. आतून नोटिफिकेशन वाजलं तर माझा हात आपोआप खिशाकडे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाबा स्वतःहून बोलायला लागले. ७२ च्या दुष्काळानंतर गावच्या घराची मागची भिंत पुन्हा उभी केली, तेव्हा सगळी भावंडं चिखल तुडवायला होती. ओल्या भिंतीवर सगळ्यांनी पंजे उमटवले. आजीनं नंतर सारवून टाकले, फक्त सगळ्यात धाकट्याचा ठेवला. म्हणजे बाबांचा. तो अजून तिथे आहे.

मी इतक्या वर्षांत तो पंजा कधी बघितलाच नव्हता. मी विचारलं, "मग बाबा, विकायचं कशाला?"

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. म्हणाले, "तेच तर त्या दिवशी सांगत होतो."