गोष्ट आणि खोटे



या परिसरात पैनगंगा जेथे खडकांवरून कोसळते, त्या स्थानाला पूर्वजांनी ‘सहस्रकुंड’ असे नाव दिले. तेथे मोजून हजार कुंडे आहेत काय, असा हिशेब कोणी मागत नाही. पावसाळ्यातील ते रौद्र रूप पाहणाऱ्याला त्या नावातील सत्य आपोआप उमगते. मात्र त्याच धबधब्यावरून परतलेले चार वर्षांचे बालक ‘मला तिथे वाघ भेटला, तो माझ्याशी बोलला’ असे सांगू लागले, की वडीलधारी मंडळी त्याला ‘खोटारडा’ ठरवून मोकळी होतात. सहस्रकुंडाला जो न्याय, तो त्या बालकाला का नसावा?

मुळात खोटे कशाला म्हणावे? कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट मराठी घराघरांत सांगितली जाते. वस्तुस्थितीच्या कसोटीवर ती टिकणार नाही. तरीही तीत फसवणूक नाही. ‘एकदा काय झालं’ या शब्दांनी आजी आणि नातू यांच्यात जणू एक करारच होतो. याउलट, कुरुक्षेत्रावर अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. पण धर्मराजाच्या शब्दांमागील हेतू द्रोणाचार्यांची दिशाभूल करण्याचा होता. म्हणून भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली आला, असे महाभारत सांगते. असत्याचे मूळ शब्दांपेक्षा हेतूत अधिक असते.

हा भेद लहान मुलांना उपजत कळत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्या १९३२ सालच्या ग्रंथात याचे मार्मिक उदाहरण आहे. एका मुलाने गाईएवढा कुत्रा पाहिल्याचे सांगितले. दुसऱ्याने शाळेत न मिळालेली शाबासकी मिळाल्याचे आईला सांगितले. अधिक वाईट कोण? धाकट्या मुलांच्या मते पहिला. कारण एवढा मोठा कुत्रा असूच शकत नाही! थोरल्या मुलांनी मात्र आईला फसवणाऱ्याला दोष दिला. ही समज वयाबरोबर वाढते. मारून-रागावून ती लवकर येत नाही.

म्हणून वाघाची हकीकत सांगणाऱ्या बालकाला आधी ‘मग वाघ काय म्हणाला?’ असे कौतुकाने विचारावे. नंतर ‘तुझी गोष्ट छान झाली, आता खरोखर काय पाहिलंस तेही सांग’ असे म्हणावे. ‘गोष्टीतले’ आणि ‘खरोखरचे’ असे दोन कप्पे त्याच्या मनात हळूहळू तयार होतात. फुटलेल्या कपबशीचा आळ मांजरावर घातला जातो, तेव्हा मात्र कल्पना नव्हे, भीती बोलत असते. अशा वेळी दरडावू नये. काचा मोठ्यांनी उचलाव्यात, फरशी त्याच्याकडून पुसून घ्यावी आणि खरे सांगितल्याबद्दल पाठ थोपटावी.

कॅनडातील संशोधक कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हेच सुचवतो. तीन ते सात वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या गोष्टी ऐकवण्यात आल्या. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील शिक्षेचा धाक निष्फळ ठरला. झाड तोडल्याची कबुली देऊन वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या बाल वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुले मात्र अधिक प्रमाणात खरे बोलली. गंमत अशी, की वॉशिंग्टनची ती गोष्ट त्यांच्या एका चरित्रकाराने रचलेली मानली जाते!

आता प्रश्न उरतो घरातील मोठ्यांचा. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ ही गोष्ट नव्हे. मुलाने ती खरी मानावी, याच हेतूने सांगितलेले ते खोटे आहे. दाराशी आलेल्या माणसाला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलाला शिकवणाऱ्या घरात सत्याचा संस्कार कोणत्या तोंडाने करावा? आणि ‘हे खरंच घडलं होतं का?’ असे मुलाने विचारले, तर त्याला प्रामाणिक उत्तर मिळालेच पाहिजे. त्याने गोष्टीचे मोल कमी होत नाही.

गांधीजींनी बालपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि ते त्यांच्या मनात पुनःपुन्हा घडत राहिले. हरिश्चंद्र ही ऐतिहासिक व्यक्ती नसावी, असे पुढे त्यांच्या बुद्धीला पटले; तरी आपल्यासाठी तो जिवंतच आहे, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले. राजाची कथा रंगभूमीवरची होती. तिने जागवलेली सत्यनिष्ठा मात्र खरी होती. इस्लापूरच्या घराघरांत रोज रात्री अशी एक तरी गोष्ट सांगितली जावी, आणि दिवसभराच्या वागण्याने ती खोटी पाडली जाऊ नये.