लाल डब्याची डागडुजी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत एक चंदेरी गाडी असते. गाडी म्हणायचं खरं, पण तिला स्वतःचं इंजिन नसतं. मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायची ती एक खोली. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी. बाहेरून सगळा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, विमानाचा असतो तसा रिबिटांनी जोडलेला आणि आरशासारखा घासलेला. वॉली बायम नावाच्या गृहस्थाने १९३०च्या दशकात या गाड्या बनवायला घेतल्या आणि त्यांना नाव दिलं एअरस्ट्रीम. १९६३-६४ साली अशा गाड्यांचा एक तांडा जगाच्या सफरीवर निघाला होता, तो आपल्या भारतातूनही गेला. १९६९ साली चंद्रावरून परत आलेल्या तिघा वीरांना काही दिवस माणसांपासून दूर ठेवायचं होतं, तेव्हा त्यांनाही अशाच एका खोलीत ठेवलं होतं. आता तिकडचे हौशी लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या या गाड्या शोधून आणतात, परसात उभ्या करतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने दुरुस्त करत बसतात.

हे मी सांगतो आहे, कारण तसंच काम धुळ्यापासून जवळच्या एका शेतात चाललं आहे. फक्त तिथली गाडी एअरस्ट्रीम नाही. ती आपली एस.टी. आहे. पुरी एस.टी.सुद्धा नाही, मागचा निम्मा भाग.

आपल्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून झोप काढली असेल, पण आपण कशात बसलो आहोत हे कितीजणांनी पाहिलं? १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे महामंडळाने स्वतःच्याच कार्यशाळांत गाड्यांच्या बॉड्या बांधायला सुरुवात केली. पुण्याजवळ दापोडी, मराठवाड्यात चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. वर्षानुवर्षं त्या बॉड्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या होत्या. अलीकडे पोलादी बॉड्या आल्या, आता विजेवरच्या गाड्याही आल्या. अ‍ॅल्युमिनियम का, याचं उत्तर सोपं आहे. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा घेतला, तर लोखंडाचा पावणेआठ किलोच्या वर भरतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा पावणेतीन किलोच्या आत. शिवाय त्याला तांबडा गंज चढत नाही. ज्याला आपण थट्टेने लाल डबा म्हणत आलो, त्या डब्याच्या रंगाखाली तीच चंदेरी धातू होती.

माझे मावसभाऊ एस.टी.च्या कार्यशाळेत पत्राकामाला होते. घरात आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो. निवृत्त होण्याच्या काही वर्षं आधी त्यांनी एका भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या बसचा मागचा सांगाडा विकत घेतला आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीच्या चाकांवर बसवला. झाली फिरती खोली. कपाशीची राखण असेल तेव्हा कपाशीच्या वावरात, हरभरा उभा असेल तेव्हा तिकडे. ट्रॅक्टरने ओढायची आणि बांधावरच्या निंबाखाली लावायची. हे आपल्याच शेतापुरतं, बरं का. गाडीत असा मूळचा बदल करून ती रस्त्यावर आणायला परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम त्यासाठीच आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण भाईजानच्या खोलीला पर्यटनाला जायचं नाही.

तसं पाहिलं तर खान्देशाला हा प्रकार नवा नाही. आमच्याकडे दमणी होती. छपराची हलकी बैलगाडी. लेकीबाळी माहेरी यायच्या त्या दमणीतून, जत्रेला जायचं ते दमणीतून, आणि रात्र झाली की बैल सोडून तिच्यातच पडायचं. दमणीचं चाक सुतार बसवायचा, धाव लोहार तापवायचा. एकट्याने होणारं ते कामच नव्हतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर ती खोली दहा-बारा वर्षं चांगली राहिली. मग तिच्यात माणसाऐवजी खताची पोती राहू लागली, आणि तिचे दिवस फिरले. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. त्याच्या अंगावर आपोआप एक अगदी बारीक थर धरतो आणि तोच त्याला राखतो. पण क्षार त्या थराला भोकं पाडतात. पोटॅशचं खत म्हणजे एक प्रकारचं मीठच. पोती ओली झाली, मीठ पत्र्याला लागलं आणि खालच्या पट्टीवर देवीच्या व्रणासारखे खड्डे पडले. त्यात कोणीतरी सोयीसाठी लोखंडी स्क्रू मारलेले. दोन वेगवेगळ्या धातू एकमेकींना टेकल्या आणि मध्ये ओल आली, की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं तयार झालं होतं.

मागच्या वर्षी भाईजानच्या मुलाने भंगारवाल्याशी भाव ठरवला. मुलगा वाईट नाही, शेती तोच पाहतो. ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या आणि समोर किलोवर विकता येईल असा पत्रा पडून होता. "अब्बा, तिच्यात आता उंदीर ऱ्हातात," असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. भंगारवालाही काही खलनायक नव्हे. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुनं वितळवून पुन्हा वापरता येतं. हिशेबाने मुलगा बरोबर होता. भाईजान एवढंच म्हणाले, "पत्र्याचे पैसे येतील. रिबिटाचे कोण देईल?" त्या सांगाड्यातली निम्मी रिबिटं कदाचित त्यांच्याच हातची नव्हती. कुठल्या कार्यशाळेत, कुणी मारली, कुणास ठाऊक. पण ती कशी मारली आहेत हे त्यांना बघून कळत होतं, आणि तेवढं नातं त्यांना पुरेसं होतं.

शेवटी एका वर्षाची मुदत ठरली. पावसाळ्यात गळली नाही तर राहील, गळली तर जाईल.

मी कवी माणूस, हत्यारांशी माझा संबंध पेन्सिलीला टोक करण्यापुरता. पण त्या हिवाळ्यात मी जळगावहून जवळजवळ दर रविवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो. मला वाटत होतं, आधी घासूनपुसून चमकवायचं असेल. भाईजाननी रंगाला हातच लावू दिला नाही. आधी गळती. छपरातून शिरलेलं पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे. आतल्या कमानीवरून ते वाहत जातं आणि जिथे उतार संपेल तिथे पडतं. म्हणून एकाने बाहेरून पाण्याची नळी धरायची, खालून सुरुवात करून हळूहळू वर सरकायचं, आणि दुसऱ्याने आत खडू घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. खडूच्या सतरा खुणा झाल्या.

मग जमीन. पत्र्याखालचं प्लायवूड कडांना भिजलेल्या पावासारखं झालं होतं. ते काढलं, नवं पाण्याला टिकणारं प्लायवूड आणलं आणि त्याच्या कापलेल्या कडांना आधी रंग पाजला. प्लायवूड नेहमी कडेने पाणी पितं. लोखंडी सांगाडा खरवडून त्याला प्रायमर दिला, आणि लोखंड व पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली, म्हणजे दोघांची गाठ पडायला नको.

रंग काढताना भाईजाननी एक ताकीद दिली, ती इतरांनाही उपयोगी पडेल. कॉस्टिक सोडा वापरायचा नाही, तो रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो. लोखंडी घासणीही नको, तिचे कण पत्र्यात रुततात आणि मागाहून डाग धरतात. लाकडी पट्टी, रंग फुगवणारं द्रव आणि सबुरी. आणि नाकातोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. लाल थराखाली आणखी एक लाल थर निघाला, त्याखाली पिवळ्या पट्ट्याचा तुकडा.

मागच्या कोपऱ्याला मोठा पोचा होता. अ‍ॅल्युमिनियम ठोकत गेलं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. म्हणून ते तापवून मऊ करावं लागतं. पण लोखंड तापताना लाल होऊन सांगतं, अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही. ६६० अंशांना ते सरळ वितळून खाली पडतं. मग ओळखायचं कसं? भाईजाननी कपड्याच्या साबणाची वडी पत्र्यावर घासली आणि ज्योत लांबून फिरवू लागले. साबण आधी पिवळा झाला, मग तपकिरी, आणि काळपट व्हायला लागताच त्यांनी ज्योत बाजूला घेतली. पत्रा थंड झाल्यावर पाठीमागे वाळूची पिशवी आणि हातात लाकडी हातोडा. तासाभरात पोचा निम्म्याने निघाला. उरलेला त्यांनी राहू दिला. "एवढा पोचा म्हाताऱ्याला शोभतो," म्हणाले.

आता रिबिट. जुनं काढायचं तर डोक्याच्या बरोबर मधे पंच मारायचा, त्याच मापाच्या ड्रिलने डोकं उडवायचं आणि बाकीचं ठोकून बाहेर पाडायचं. ड्रिल जरा तिरकं गेलं की भोक लांबट होतं. बाजारात पॉप रिबिटं मिळतात, ती एकटा माणूस एकाच बाजूने मारू शकतो. पण ती मधून पोकळ, तिथून पाणी झिरपू शकतं. भाईजानना भरीव रिबिटं हवी होती. पत्र्यांची जाडी अधिक रिबिटाच्या जाडीची दीडपट, एवढी लांबी. बाहेर मी. रिबिटाच्या गोल डोक्यावर जड लोखंडी डॉली दाबून धरायची. आत भाईजान, हातोडा घेऊन शेपटी चेपणार. मधे पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि हातोड्याच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही. मग ठोक्यांची भाषा ठरली. एक टिचकी म्हणजे धर. दोन म्हणजे बसलं, पुढे चल. तीन म्हणजे बिघडलं, काढावं लागेल. डॉली नीट टेकली नसेल तर आतल्या माणसाला ते पहिल्या ठोक्यातच कळतं, कारण आवाज बोदा येतो. वृत्त चुकलं की कान जसा अडतो, तसंच हे.

भाईजान आता सहासष्ट वर्षांचे आहेत. हातोडा धरला की त्यांचा अंगठा आखडतो. जानेवारीत एका रविवारी ते बाहेर येऊन बसले आणि मुलगा काही न बोलता आत शिरला. त्याच्या पहिल्या सहापैकी चार रिबिटं तीन टिचक्यांची निघाली. संध्याकाळपर्यंत प्रमाण बरं झालं. त्याचं मत बदललं असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या रविवारी कापसाचा भाव आणि पत्र्याचा भाव, दोन्ही त्याने मला तोंडपाठ सांगितले.

एक वाद मात्र माझा आणि भाईजानचा झाला. मला ती गाडी एअरस्ट्रीमसारखी आरसा झालेली हवी होती. त्यांनी छप्पर पांढरं रंगवलं. नंतर पटलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. घासलेलं अ‍ॅल्युमिनियम ऊन परतवतं खरं, पण जेवढी उष्णता शिरते ती लवकर सोडत नाही. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उष्णताही बाहेर टाकतो. छताच्या कमानींमध्ये थर्माकोलचे तुकडे बसवून वर प्लायवूड लावलं. थर्माकोल आगीला भितो, म्हणून चूल बाहेर, आत दिवासुद्धा बॅटरीचा. खिडक्या मूळच्याच, त्या दोन्ही बाजूंनी उघडल्या की वारा आरपार जातो. बाजूचा पत्रा उघडाच ठेवला. लाल रंग दिला नाही, कारण, भाईजानच्या म्हणण्यानुसार, लाल दिला तर लोक हात करतील. तरी एक आजीबाई बांधावरून विचारून गेल्याच, "भाऊ, हाई एस.टी. कोठे जाई?"

या कामाला काय म्हणावं, यावर मी बराच विचार केला, तो माझा धंदाच आहे. देवळाचा होतो तो जीर्णोद्धार. तो शब्द या गाडीला फार मोठा होईल. दुरुस्ती हा फारसीतून आलेला शब्द, दुरुस्त म्हणजे ठीक, जसं असायला हवं तसं. पण ही गाडी मुळात जशी होती तशी झालेली नाही, निम्मीच आहे. मला डागडुजी आवडतो. डाग लपवल्याचा दावा त्यात नाही.

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मुलगा स्वतः आत जाऊन झोपला. सकाळी त्याचा फोन आला, "चाचा, एक जागा गळते." उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीवर. सतरापैकी एक. मुदतीच्या अटीत 'गळती' म्हणजे किती, हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि त्याने तो मुद्दा काढला नाही. भंगारवाला मधे एकदा येऊन पाहून गेला, चहा घेतला आणि रिबिटांच्या ओळीवर बोट फिरवून गेला. त्या खिडकीवरची ओळ उघडायची आहे, बावीस रिबिटं. पावसात ते काम होत नाही. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार मी दिला आहे, आणि डॉली माझ्याकडेच आहे, जळगावात, पुस्तकांच्या कपाटावर.